जी-सिक्स-पीडी कमी आहे आणि ऑपरेशन ठरलंय: भुलीआधी, भुलीत आणि नंतरचे तीन दिवस

भुलीआधीच्या तपासणीला एक आई आली होती. सहा वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं. मी फाइल उघडायच्या आत तिने टेबलावर चार पानांची यादी ठेवली. कुठून तरी छापून काढलेली, शंभरावर औषधं, पिवळ्या पेनने रंगवलेली, घड्यांवर कागद फाटायला आलेला. "यातलं काहीच देणार नाही ना?" एवढाच तिचा प्रश्न होता. यादीत पॅरासिटामॉलही होतं. तीन वर्षं तिने मुलाला तापाचं औषध दिलं नव्हतं, ओल्या पट्ट्यांवर रात्री काढल्या होत्या. आणि खरी घात करू शकणारी गोष्ट त्या यादीत नव्हती: ऑपरेशनच्या दिवशी सुई टोचण्याआधी हातावर लावायचं बधिरतेचं मलम. त्यात प्रिलोकेन हे बधिर करणारं औषध असतं. विषय निघाला म्हणून ते टळलं.

मी भूलतज्ज्ञ आहे. हा लेख त्या आईसारख्यांसाठी आहे. स्वतःला किंवा मुलाला जी-सिक्स-पीडी (ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज) या, लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असल्याचं नुकतंच कळलंय आणि समोर ऑपरेशन आहे, अशांसाठी. नव्याने कामाला लागलेल्या सिस्टर आणि ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, तंत्रज्ञांनाही उपयोगी पडेल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कमतरतेत भुलीची नेहमीची औषधं क्वचितच त्रास देतात. त्रास होतो तो भुलीच्या आजूबाजूच्या गोष्टींनी: एखादा निळा रंग, एखादं बधिर करणारं मलम किंवा स्प्रे, अंगात असलेला संसर्ग, आणि घरी गेल्यावरचे तीन दिवस, जेव्हा कुणाचंच लक्ष नसतं.

पहिली पायरी: एन्झाइमचं पूर्ण नाव सांगा

"मला एन्झाइम कमी आहे" एवढंच सांगितलं तर भूलतज्ज्ञाच्या मनात निदान तीन-चार वेगवेगळे आजार येतात, आणि प्रत्येकाचा धोका निराळा. स्यूडोकोलिनएस्टरेज कमी असेल तर सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू सैल करणारं औषध, जे एरवी काही मिनिटांत उतरतं, ते तासन् तास उतरत नाही आणि तेवढा वेळ माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. पोर्फायरियात, म्हणजे हिमोग्लोबिनचा लाल घटक बनवणारं एखादं एन्झाइम कमी असण्याच्या आजारात, थायोपेंटोनसारखी बार्बिट्युरेट गटातली भुलीची औषधं वर्ज्य असतात. चरबीपासून ऊर्जा बनवणाऱ्या काही एन्झाइमच्या कमतरतांत ऑपरेशनआधीचा उपासच घातक ठरतो, म्हणून साखरेचं सलाईन आधीपासून चालू ठेवतात.

जी-सिक्स-पीडीमध्ये यातलं काही नाही. सक्सिनिलकोलीन चालतं, थायोपेंटोन चालतं, उपासाचे नेहमीचे नियम चालतात, म्हणजे अन्न किमान सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. फक्त अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नये, म्हणून ऑपरेशन पुढे पुढे ढकललं जात असेल तर "आता पाणी देऊ का?" हे सिस्टरना विचारायला संकोचू नका.

म्हणून फॉर्मवर "एन्झाइमचा प्रॉब्लेम" असं लिहू नका. "जी-सिक्स-पीडी कमतरता" हे शब्द जसेच्या तसे लिहा आणि सोबत रिपोर्टची झेरॉक्स जोडा.

दुसरी पायरी: नेमकं बिघडतं काय ते समजून घ्या

हे समजलं की अर्ध्या याद्यांची गरज उरत नाही.

आपल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्यात केंद्रक नसतं, म्हणजे नवीन एन्झाइम बनवायची सोय नसते. जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर त्यांना सगळं आयुष्य काढायचं असतं. या शिदोरीत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम फार मोलाचं, कारण एनएडीपीएच नावाचा पदार्थ लाल पेशीत त्याच्याच जोरावर तयार होतो. एनएडीपीएच ग्लुटाथायोनला ताजंतवानं ठेवतं आणि ग्लुटाथायोन पेशीचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करतं. लोखंडाला गंज चढतो तसाच प्रकार हिमोग्लोबिनच्या बाबतीत होऊ पाहत असतो आणि ही साखळी तो थोपवून धरते.

एन्झाइम कमी असेल तरी रोजच्या जगण्यात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. जगात चाळीस कोटींहून अधिक लोकांना ही कमतरता आहे असा अंदाज आहे आणि त्यातल्या कितीतरी जणांना ती आयुष्यभर कळतही नाही. पण ऑक्सिडेशनचा मोठा मारा झाला की हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीत साचतात, पेशी कडक होते आणि फुटते. याला हिमोलिसिस म्हणतात. प्रायमाक्विन या मलेरियाच्या औषधाने काही जणांचं रक्त अचानक का उतरतं, याचा शोध घेताना १९५६ साली अमेरिकेतल्या संशोधकांना या एन्झाइमची कमतरता सापडली.

यातली दोन सूत्रं लक्षात ठेवा, पुढे दोन्ही लागणार आहेत. म्हाताऱ्या पेशींची शिदोरी संपत आलेली असते, म्हणून आधी त्या फुटतात. आणि हे फुटणं लगेच होत नाही. मारा झाल्यापासून साधारण २४ ते ७२ तासांत ते दिसायला लागतं.

तिसरी पायरी: रिपोर्ट केव्हाचा आहे ते पाहा

रिपोर्टवर "नॉर्मल" लिहिलंय म्हणून प्रश्न मिटला असं समजू नका. तपासणी कधी केली होती ते आधी बघा. नुकतंच हिमोलिसिस होऊन गेलं असेल तर म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि रक्तात कोवळ्या पेशींची गर्दी असते. त्यांची शिदोरी भरलेली असते, म्हणून एन्झाइम खोटंच नॉर्मल दिसतं. नुकतं रक्त चढवलं असेल तरी तेच, कारण तपासलं जातं ते दात्याचं रक्त. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची असते.

तपासणीचे दोन प्रकार आहेत. एकीत रक्ताचा ठिपका चमकतो की नाही एवढंच पाहतात, म्हणजे उत्तर "आहे" किंवा "नाही". दुसरीत आकडा मिळतो. ही कमतरता एक्स गुणसूत्रावरून येते. मुलग्यांना एकच एक्स असतो, त्यामुळे त्यांच्यात चित्र स्वच्छ असतं. बायकांना दोन एक्स असतात. त्यातल्या एकावर दोष असेल तर काही पेशी सशक्त आणि काही अशक्त असा मिश्र कारभार असतो, आणि ठिपक्याच्या तपासणीत तो निसटू शकतो. म्हणून भाऊ, वडील किंवा मुलगा यांपैकी कुणाला कमतरता असेल आणि ऑपरेशन बाईचं असेल, तर आकड्याचीच तपासणी मागा. नेहमीच्या पातळीच्या ३० टक्क्यांखाली असेल तर कमतरता स्पष्ट. ३० ते ७० टक्क्यांमध्ये असेल तर मधली स्थिती, आणि तिलाही जपायचं असतंच.

एन्झाइमसोबत त्या दिवसाचं हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी) आणि बिलिरुबिन (काविळीचा पिवळा पदार्थ) यांचे आकडे ऑपरेशनआधी करून ठेवा. हे आकडे पुढे तुलनेला लागतात. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १० आलं तर ते उतरलेलं १० आहे की मुळातच १० होतं, हे आधीचा आकडा असल्याशिवाय कुणाला सांगता येणार?

चौथी पायरी: ताप असेल तर थांबा

याद्यांच्या धाकात एक गोष्ट विसरली जाते. या कमतरतेत हिमोलिसिस घडवणारं सगळ्यात नेहमीचं कारण औषध नसून संसर्ग आहे. न्यूमोनिया, विषाणूजन्य काविळी, टायफॉइड, कुठलाही जोराचा ताप. संसर्गाशी लढताना पांढऱ्या पेशी ऑक्सिडेशन करणारी रसायनं सोडतात आणि त्यांची झळ लाल पेशींना लागते. कितीतरी औषधं याच गोंधळात आरोपी ठरली. ताप आला, तापाची गोळी दिली, दोन दिवसांनी रक्त उतरलं आणि दोष गोळीच्या माथी गेला. त्या आईच्या यादीत पॅरासिटामॉल असंच आलं असणार. नेहमीच्या डोसमध्ये ते चालतं. मुलाला ताप असताना तिने रात्र रात्र जागून काढायची गरज नव्हती, हे सांगताना मलाच वाईट वाटलं.

तर मग करायचं काय? ऑपरेशन सवडीचं असेल, म्हणजे हर्निया, टॉन्सिल, मोतीबिंदू असं, आणि खोकला, ताप किंवा जुलाब चालू असतील, तर ते बरं होईपर्यंत तारीख पुढे ढकला. नुकतीच लघवी काळपट झाली असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर तेही सांगा. मात्र अपेंडिक्स, अपघात, अडलेलं बाळंतपण अशा तातडीच्या ऑपरेशनला या कमतरतेपायी क्षणभरही थांबायचं नाही. भूल देता येते. फक्त काय टाळायचं ते समोरच्याला माहीत असलं पाहिजे.

पाचवी पायरी: एका पानाची चिठ्ठी

चार पानांची यादी कुणी वाचत नाही. गर्दीच्या वॉर्डात तर नाहीच. एक पान करा, मोठ्या अक्षरात:

रुग्णाचं नाव, वय, रक्तगट.
जी-सिक्स-पीडी कमतरता, तपासणीची तारीख आणि आकडा.
आधी हिमोलिसिस झालं असेल तर केव्हा आणि कशाने.
देऊ नये: मिथिलीन ब्लू, टोलुइडिन ब्लू, प्रिलोकेन, बेंझोकेन, डॅप्सोन, प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, रासबुरिकेज, पेग्लोटिकेज. नायट्रोफ्युरंटॉइन टाळावं.
नेहमीचं हिमोग्लोबिन.
घरच्या माणसाचा फोन.

तिच्या चार प्रती काढा. एक भूलतज्ज्ञांना, एक सर्जनना, एक वॉर्डातल्या सिस्टरना केसपेपरच्या अगदी वरच्या पानावर लावायला आणि एक स्वतःच्या पाकिटात. सर्जनची प्रत सगळ्यात महत्त्वाची आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. लोकांना वाटतं, औषधांचं काय ते भूलवाले बघतील. पण पुढची पायरी वाचलीत की सर्जनना का सांगायचं ते कळेल.

सहावी पायरी: औषधं, आणि सगळ्यात आधी तो निळा रंग

मिथिलीन ब्लू. ऑपरेशनच्या टेबलाभोवती या कमतरतेचा खरा शत्रू कोण, असं विचारलंत तर मी हेच नाव घेईन. हे औषधही आहे आणि रंगही. वंध्यत्वाच्या दुर्बिणीच्या तपासणीत गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहायला सर्जन ते गर्भाशयातून सोडतात. स्तनाच्या कर्करोगात पहिली लसिकाग्रंथी शोधायला टोचतात. मूत्रमार्गाच्या किंवा आतड्याच्या ऑपरेशनमध्ये कुठे गळतंय का ते बघायला वापरतात. हृदयाच्या ऑपरेशननंतर कशालाच दाद न देणारा रक्तदाब वर आणायलाही देतात. यातलं बरंचसं भूलतज्ज्ञाच्या ट्रॉलीवर नसतंच. ते सर्जनच्या टेबलावर वाटीत असतं आणि "रंग" म्हणून ओळखलं जातं, "औषध" म्हणून नाही. तोंडातल्या संशयित चट्ट्यांना लावायचा टोलुइडिन ब्लूही त्याच घरातला.

म्हणून सर्जनना थेट विचारा: "ऑपरेशनात कुठला निळा रंग वापरणार आहात का?" उत्तर "हो" असेल तर कमतरतेचं सांगा. त्या कामासाठी दुसरे रंग आणि दुसऱ्या पद्धती असतात, पण त्या आधी ठरवाव्या लागतात. रुग्ण टेबलावर असताना ऐनवेळी ते जमत नाही.

दुसरा गट मेथहिमोग्लोबिन वाढवणाऱ्यांचा. मेथहिमोग्लोबिन म्हणजे लोह ऑक्सिडाइज झालेलं हिमोग्लोबिन. ते ऑक्सिजन वाहत नाही. बधिर करणाऱ्या औषधांपैकी प्रिलोकेन आणि बेंझोकेन ही दोन यासाठी बदनाम आहेत. आणि ती लपून येतात. लहान मुलांच्या हातावर सुईआधी लावायच्या मलमात लिग्नोकेनसोबत प्रिलोकेन असतं. काही दंतवैद्य प्रिलोकेनचं इंजेक्शन वापरतात. घशात दुर्बीण घालायच्या आधी मारायच्या काही स्प्रेंमध्ये, घसादुखीच्या काही गोळ्यांत आणि दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांना लावायच्या काही जेलमध्ये बेंझोकेन असतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या.

तिसरा घातकी ऑपरेशनच्या टेबलावर नसतो, तो दोन दिवसांनी वॉर्डात येतो. लघवीची नळी घातली होती, जळजळ सुरू झाली, ड्यूटीवर नवे डॉक्टर आले आणि त्यांनी लघवीच्या संसर्गाची नेहमीची गोळी लिहिली. ती नायट्रोफ्युरंटॉइन असू शकते. सिस्टरच्या केसपेपरवर वरच चिठ्ठी हवी ती याचसाठी. मोठ्या डोसमध्ये शिरेतून दिलेलं व्हिटॅमिन सीसुद्धा रक्त फोडू शकतं. "ताकदीचं सलाईन" म्हणून कुणी सुचवलं तर नको म्हणा.

आता जे चालतं ते. पूर्ण भुलीसाठी प्रोपोफोल, केटामाइन, फेंटॅनिल, मॉर्फीन बिनदिक्कत. कमरेतल्या इंजेक्शनची भूल चालते, त्यासाठी लागणारं बुपिवाकेन चालतं. टाक्यांपुरतं नेहमीच्या मात्रेत लिग्नोकेनही चालतं. स्नायू सैल करणारी औषधं आणि ती उतरवणारी निओस्टिग्मिन, सुगामाडेक्स ही चालतात. ऑपरेशनआधी देतात ती सेफाझोलिनसारखी अँटिबायोटिक्स चालतात.

सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भुलीचे वायू आणि मिडाझोलम, डायझेपाम यांच्याबद्दल वाचायला गेलात तर गोंधळ उडेल. परीक्षानळीत या औषधांनी एन्झाइमचं काम मंदावलेलं दिसलं आहे, म्हणून काही याद्यांत ती सापडतात. पण माणसांत ती वर्षानुवर्षं वापरली जात आहेत आणि त्यांच्यामुळे रक्त फुटल्याचा अनुभव नाही. माझं मत विचाराल तर घाबरलेल्या मुलाला मिडाझोलम न देता रडवत टेबलावर नेण्यापेक्षा ते दिलेलं बरं. निवड शेवटी तुमचे भूलतज्ज्ञ करतील. कुणी प्रोपोफोलवरच सगळं निभावतात, तेही योग्यच आहे.

सातवी पायरी: भुलीत असताना कोण काय बघतं

हा भाग मुख्यतः नव्या सहकाऱ्यांसाठी, पण नातेवाइकांनीही वाचावा, म्हणजे आत काय चाललंय त्याची धास्ती कमी होईल.

जागा माणूस सांगतो की पाठ दुखतेय, दम लागतोय, गरगरतंय. भुलीतला माणूस काहीच सांगत नाही. त्यामुळे टेबलावर हिमोलिसिस सुरू झालंच तर पहिली खूण लघवीच्या पिशवीत दिसते, नाही तर रक्तदाब कारण नसताना उतरतो. मोठ्या ऑपरेशनला लघवीची नळी असते तेव्हा पिशवी चादरीखाली ढकलू नका, दिसेल अशी लावा. रंग बदलला की आधी कळलं पाहिजे.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर अचानक ८५ च्या आसपास येऊन अडकला, ऑक्सिजन वाढवूनही हलत नाही, काढलेलं रक्त चॉकलेटसारखं तपकिरी दिसतंय आणि हवेत ठेवलं तरी लाल होत नाही, तर ते मेथहिमोग्लोबिन समजायचं. खात्री को-ऑक्सिमीटरवरच होते, म्हणजे रक्तातलं मेथहिमोग्लोबिन वेगळं मोजणाऱ्या यंत्रावर. साधा ऑक्सिमीटर यात फसतो. आणि इथेच सगळ्यात वाईट सापळा आहे. मेथहिमोग्लोबिनवरचा पुस्तकी उपाय म्हणजे मिथिलीन ब्लू. त्याला काम करायला एनएडीपीएच लागतं आणि या रुग्णाकडे नेमकं तेच कमी असतं. म्हणजे उपाय लागू पडत नाही आणि वर तेच औषध रक्त फोडतं. अशा रुग्णात कारण बंद करणं, ऑक्सिजन, गरज पडली तर रक्त बदलणं आणि काही वेळा बेताने दिलेलं व्हिटॅमिन सी असे मार्ग उरतात. ओटीतल्या आणीबाणीच्या ट्रॉलीवर मिथिलीन ब्लूची कुपी असेल तर त्या दिवशी तिच्यावर चिकटपट्टीने "या रुग्णाला नाही" असं लिहून ठेवा. मी तसंच करते.

बाकी काळजी चांगल्या भुलीची नेहमीचीच: अंग गार पडू न देणं, ऑक्सिजन कमी पडू न देणं, सलाईन पुरेसं, साखर ताब्यात आणि वेदना वेळेवर शमवणं. मधुमेहींमध्ये साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झालं तर त्यानेसुद्धा हिमोलिसिसला निमित्त मिळतं, म्हणून त्यांच्यात जास्त डोळा ठेवावा.

आठवी पायरी: घरी गेल्यावरचे तीन दिवस

आजकाल छोटी ऑपरेशनं सकाळी होतात आणि संध्याकाळी माणूस घरी असतो. इतरांसाठी छानच. पण वर सांगितलेलं दुसरं सूत्र आठवा: रक्त फुटायला लागतं ते २४ ते ७२ तासांनी. म्हणजे त्रास झालाच तर तो दवाखान्यात दिसत नाही, घरच्या संडासात दिसतो. तिथे बघणारे तुम्हीच.

माझ्या एका रुग्णाच्या बायकोने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला होता. "लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, पण पाणी कमी प्यायलेत म्हणून असेल." मी म्हटलं, पारदर्शक बाटलीत घ्या आणि खिडकीशी धरा. पाणी कमी पडलेली लघवी गडद पिवळी दिसते, पण ती पिवळीच असते. हिच्यात लालसर तपकिरी झाक होती. दवाखान्यात पट्टी बुडवली तर "रक्त" असल्याचं दाखवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही लाल पेशी नाही. या विसंगतीचा अर्थ असा की पेशी लघवीत आलेल्या नाहीत, त्या रक्तातच फुटल्यात आणि सुटं हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडतंय. बाईंनी वेळेत फोन केला म्हणून सलाईन, दोन दिवसांची देखरेख आणि एक रक्ताची पिशवी एवढ्यावर निभावलं.

तर घरी हे करायचं. तीन दिवस रोज सकाळची लघवी काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन उजेडात बघा. कपडा पांढरा असेल तर तो मागे धरा, रंग नीट कळतो. लहान मूल डायपरमध्ये असेल तर डायपरवरचा डाग बघा. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळेपणा चकवतो. ओठ आणि हिरड्या फिकट झाल्यात का, जिना चढताना धाप लागतेय का, पाठ किंवा पोट दुखतंय का, मूल नेहमीपेक्षा मलूल आहे का, हे पाहा. भरपूर पाणी प्यायला द्या. आणि दुखण्याच्या गोळ्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्याच द्या, घरातल्या जुन्या डब्यातली नको. कपाटातून काढलेल्या कपड्यांत, अंथरुणात डांबरगोळ्यांचा वास असेल तर ते पुन्हा धुऊन घ्या. त्यातलं नॅप्थलीन या मुलांचं रक्त फोडतं. बाकला म्हणजे फावा बीन्स तर नेहमीच वर्ज्य, त्यामुळे दवाखान्यातून येणाऱ्या सूप किंवा भाजीत ते नाहीत ना, हेही विचारा.

ऑपरेशन मोठं असेल, किंवा आधी कधी हिमोलिसिस झालेलं असेल, तर त्याच दिवशी घरी पाठवा असा हट्ट धरू नका. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन करून घ्या. तपासणीत काही शंका आली तर साधारण आठवड्याने पुन्हा, कारण हिमोग्लोबिन सगळ्यात खाली जातं ते त्या सुमारास.

रक्त फुटायला लागलंच तर

रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. सोबत ती चिठ्ठी, लघवीची बाटली आणि गेल्या तीन दिवसांत दिलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं घ्या. कारण ठरलेलं औषध बंद करणं हा पहिला उपचार. मग सलाईन देऊन लघवी वाहती ठेवतात, म्हणजे सुट्या हिमोग्लोबिनने किडनी इजा पावत नाही. पोटॅशियमवर लक्ष ठेवतात, संसर्ग असेल तर त्याचा उपचार करतात आणि हिमोग्लोबिन फार उतरलं तर रक्त देतात. रक्त द्यावं लागलं म्हणून घाबरू नका. कमतरतेच्या सौम्य प्रकारांत म्हाताऱ्या पेशी फुटून गेल्या की कोवळ्या पेशी तग धरतात आणि प्रकार आपसूक थांबतो. तीव्र प्रकारांत मात्र तसा भरवसा नसतो, म्हणून तिथे वाट बघत बसायचं नाही.

घरातल्या बाकीच्यांचं

आईच्या दोनपैकी एका एक्सवर दोष असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. कमतरता वडिलांना असेल तर सगळ्या मुलींकडे तो जनुक जातो, मुलग्यांकडे एकाकडेही नाही. तेव्हा एकाचं निदान झालं की भावंडं, आई आणि आईच्या बाजूचे मामा, मावशी यांचीही तपासणी करून घ्या. आणि घरात बाळंतपण असेल तर बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. या बाळांची कावीळ पहिल्या दिवसांत झपाट्याने वाढू शकते, मेंदूला इजा करण्याइतकी, आणि वेळेवर निळ्या दिव्याखाली ठेवलं तर ती सावरता येते.

घरी जाताना एक कागद मात्र मागून घ्या, जो सहसा कुणी मागत नाही: भुलीच्या नोंदीची प्रत. कुठलं औषध, किती, किती वाजता, सगळं त्यात असतं. तीन दिवसांत काही त्रास झाला नाही तर त्याच कागदावर तारीख घालून पेनने लिहा, "हिमोलिसिस नाही, तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन इतकं", आणि एका पानाच्या चिठ्ठीला टाचून ठेवा. पुढच्या वेळी जो कोणी भूलतज्ज्ञ समोर असेल, त्याला या माणसाच्या अंगाला काय चाललं ते थेट तिथेच वाचायला मिळेल.